पोटाखालचा अँटेना: ग्राउंड प्लेनच्या नोंदी (राऊ, इंदूर)

२० सप्टेंबर २०२५, शनिवार

जागा अखेर ठरली. मी स्वतः बांधतो आहे त्या विमानाच्या रेडिओचा अँटेना पोटाखाली, सामानाच्या कप्प्याच्या तळाशी बसणार.

आधी या विमानाची अडचण सांगून ठेवतो. धातूच्या विमानात अँटेना कुठेही लावा, भोवतीचा पत्राच ग्राउंड प्लेनचं, म्हणजे अँटेनाच्या पायाशी लागणाऱ्या धातूच्या पसाऱ्याचं, काम करतो. माझं धड फोमच्या दोन्ही अंगांना ग्लास-फायबर चढवून केलेलं आहे. रेडिओलहरींच्या लेखी ते जवळजवळ नाहीच. कार्बन-फायबर असतं तर उलटी पंचाईत झाली असती, कारण ते लहरी अडवतं. ग्लास-फायबर अडवत नाही, पण मदतही करत नाही. अर्ध्या तरंगलांबीच्या अँटेनापैकी वरची पाव काठी बाजारात मिळते. खालची पाव मात्र आपणच तयार करून द्यायची असते, आणि पुढचे काही आठवडे मी याच कामात असणार आहे.

शेपटीच्या उभ्या पंखात तांब्याच्या पट्टीचा डायपोल, म्हणजे दोन्ही पाव भाग स्वतःच असलेला अँटेना, गाडायचा मार्गही होता. अमेरिकेतल्या जिम वेअर यांनी फेराइटच्या कड्या घालून ही पद्धत कंपोझिट विमानवाल्यांमध्ये रुजवली आणि तिला ग्राउंड प्लेन लागत नाही. पण माझा उभा पंख बंद होऊन, घासून, प्रायमर लावून तयार आहे. तो आता उघडणार नाही.

कॅनॉपीच्या मागे वरच्या बाजूला लावायचं तर आत हात पोचत नाही, शिवाय प्रसारण करणारी काठी डोक्यांच्या अगदी जवळ येते. पोटाखाली एकच तोटा आहे: विमान जमिनीवर असताना अँटेना जमिनीच्या फार जवळ राहतो आणि टॅक्सी करताना आवाज थोडा क्षीण जाऊ शकतो. ते चालेल. वाकडा व्हिप, म्हणजे काठीसारखा अँटेना, घेतला आहे. तो मागे झुकलेला असल्यामुळे चाकांवर उभ्या विमानाखाली वीतभर जागा उरते. उतरताना नाक वर आणि शेपूट खाली जाते, तेव्हाही तो टेकणार नाही. दोरी लावून तपासलं.

२१ सप्टेंबर, रविवार

आज फक्त हिशेब. विमानांचा व्हीएचएफ बोलण्याचा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ. मध्य १२७.५ धरला तर तरंगलांबी २.३५ मीटर आणि तिचा पाव भाग सुमारे ५९ सेंटिमीटर. ११८ ला हाच पाव भाग ६३.५ होतो, १३७ ला ५४.७. म्हणजे एकच काठी दोन्ही टोकांना अगदी अचूक बसणं शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेना केबलशी किती जुळतो याचं माप, १ म्हणजे अचूक. तो २ असेल तर अँटेनाकडून परत येणारी शक्ती ११ टक्के, ३ असेल तर २५ टक्के. पट्टाभर २ च्या आत राहिलो की मी समाधानी.

ग्राउंड प्लेनची त्रिज्या ६० सेंटिमीटर धरतो. अख्खा पत्रा टाकला तर अर्ध्या मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमचंही वजन दीड किलो होतं, तेही गुरुत्वमध्याच्या मागे. परवडत नाही. म्हणून मध्ये २० बाय २० सेंटिमीटरची १ मिलिमीटर जाड प्लेट, तिच्यापासून आठ दिशांना २५ मिलिमीटर रुंद पट्ट्या, म्हणजेच रेडियल. सगळं मिळून पाव किलो.

तांब्याची चिकटपट्टी याहून हलकी झाली असती. पण अँटेनाचा बेस ॲल्युमिनियमचा आहे. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागले आणि त्यात पावसाळ्याचा ओलावा शिरला की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये शेडमधल्या स्पॅनरलासुद्धा गंज चढतो. त्यामुळे एकच धातू.

आता खरी अडचण. तळाची रुंदी ६८ सेंटिमीटर. मधोमध अँटेना म्हणजे दोन्ही बाजूंना ३४ मिळतात, हवे ६०. उरलेले २६ भिंतीवर चढवावे लागणार. असं वाकवलेलं चालतं का, हे काकांना विचारायचं.

२८ सप्टेंबर, रविवार

काका आले होते. राजेंद्रनगरला राहतात. आरआरकॅटमधून, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातून, निवृत्त झालेत. आमच्याकडे सगळे त्यांना ‘आरएफवाले काका’ म्हणतात; आरएफ म्हणजे रेडिओलहरींचं काम. तिथल्या इंडस-२ च्या साठवण-वलयात इलेक्ट्रॉनना ऊर्जा देणारी आरएफ यंत्रणा ५०५.८ मेगाहर्ट्झवर चालते. ज्या माणसाने हयात त्यात घालवली, त्याला माझे १२७ मेगाहर्ट्झ म्हणजे किरकोळ. शिवाय हॅम, म्हणजे हौशी रेडिओचे, परवानाधारक.

भिंतीवर चढणाऱ्या पट्ट्यांचा आराखडा दाखवला तर हसायलाच लागले.

“अरे, ही अडचण नाही, फायदा आहे. काठी वर आणि रेडियल आडवे सपाट असले की अँटेनाचा इंपिडन्स, म्हणजे रोध, ३६ ओहमच्या आसपास येतो. रेडियल काठीपासून दूर झुकवले की तो ५० कडे, म्हणजे केबलच्या मापाकडे, सरकतो. गच्चीवरच्या अँटेनात आपण मुद्दाम खाली झुकवतो ना?”

“पण काका, माझे वर चढतायत.”

“तुझी काठी कुठे आहे? खाली. विमान डोक्यात उलटं कर आणि बघ.”

केलं. बरोबर आहे. काठी खाली लटकते आहे आणि भिंतीवर चढणारे रेडियल तिच्यापासून दूरच जातात. ज्या अरुंद धडावर मी आठवडाभर चिडलो होतो, ते उलट मदतीला आलं.

मग पत्रा कापण्याआधी स्वयंपाकघरातल्या फॉइलवर प्रयोग करायचा, हे काकांचंच डोकं. या वारंवारतेला प्रवाह ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागातून जेमतेम ७ मायक्रॉन खोल वाहतो. बाकीची जाडी फक्त मजबुतीसाठी. पोळ्या गुंडाळायची फॉइल त्याहून जाड असते, तेव्हा विजेच्या दृष्टीने ती पुरे. बायकोने नवा रोल हातात दिला आणि जुना कुठे गेला ते आता कळलं म्हणाली.

धड लाकडी घोड्यांवर छातीइतकं उंच चढवलं, नाहीतर शेडच्या फरशीतल्या सळया मोजमापात लुडबूड करतात. व्हिप तात्पुरता क्लॅम्पने धरला. नॅनो-व्हीएनए, म्हणजे एसडब्ल्यूआर मोजायचं छोटं यंत्र, टेस्ट केबलच्या टोकाला ओपन, शॉर्ट, लोड लावून कॅलिब्रेट केला. हे यंत्र जेमतेम मिलिवॉटच्या घरातला सिग्नल सोडतं. विमानाचा रेडिओ लावून बटण दाबण्याचा प्रश्नच नाही. विमानाची नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी डीजीसीएकडे, तर रेडिओ संचाचा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडे. तो येईपर्यंत आमचा रेडिओ फक्त डमी लोडवर, म्हणजे शक्ती नुसती उष्णतेत जिरवणाऱ्या रोधावर, बोलणार.

फॉइल नसताना १२७ ला एसडब्ल्यूआर ४ च्या वर. दोन पट्ट्यांवर २.६. चारवर १.९. आठवर १.६, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर नीट चढवल्यावर १.५.

पण आजची खरी शिकवण या आकड्यांत नव्हती. चार पट्ट्यांवर १.९ दिसल्यावर मी म्हटलं, झालं की काका, २ च्या आत आलो. ते काही बोलले नाहीत. उठले आणि टेस्ट केबल बेसपासून हातभर अंतरावर मुठीत धरली. पडद्यावरची रेषा सरळ वर उडाली, २.४. मूठ सोडली, परत १.९. पुन्हा धरली, पुन्हा २.४.

केबलच्या बाहेरच्या जाळीवरून प्रवाह वाहतो आहे, म्हणजे ग्राउंड प्लेन अपुरा आहे आणि उरलेलं काम केबल करते आहे. ती स्वतःच अँटेनाचा भाग झालेली. उडताना हेच पॅनेलपर्यंत येतं: पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं की इंटरकॉममध्ये शिट्टी, इंधनाच्या काट्याचा नाच, आणि मग माणूस रेडिओला दोष देत बसतो. एसडब्ल्यूआर चांगला असणं पुरेसं नाही. डमी लोडचाही एसडब्ल्यूआर १ असतो आणि तो काहीच प्रसारित करत नाही.

आठ पट्ट्यांवर मूठ धरली तेव्हा रेषा जरा हलली, इतकंच. तेव्हा आठच.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. ड्रिल, रिव्हेट गन, टॉर्क रेंच, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडू. व्हीएनएवर कुंकू लावू दिलं नाही, फक्त फूल वाहिलं. आई म्हणाली, तेवढ्यानेही चालतं. काम बंद.

५ ऑक्टोबर, रविवार

अँटेनाच्या बेसखालचा फोम काढला. सँडविचच्या मऊ फोमवर बोल्ट आवळला की फोम चेपतो, पुढे ढिला पडतो, आणि वाऱ्याच्या कंपनाने व्हिप बेसपाशी हलू लागतो. आतली ग्लासची कातडी चौकोनात कापून उचलली, फोम खरवडून काढला, बाहेरच्या कातडीला मात्र हात लावला नाही. खड्डा फ्लॉक्सने भरला, म्हणजे इपॉक्सीत कालवलेला कापसाचा बारीक भुगा. त्यावर ग्लासचे थर आणि चौकोनाच्या कडेपलीकडे दोन बोटं पसरणारा शेवटचा थर.

हवेत दमटपणा अजून आहे. सकाळी आर्द्रतामापक बघून दुपारपर्यंत थांबलो. ओल्या हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि पुढचा थर त्यावर धरत नाही. दुपारी ऊन पडलं, मगच राळ कालवली.

८ ऑक्टोबर, बुधवार

या नोंदीतला सगळ्यात छोटा भाग बनवून आणला, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

बेस कातडीच्या बाहेर, प्लेट आत. मध्ये ९ मिलिमीटर जाडीचा, वीज न वाहणारा ठोकळा. बेसचं ग्राउंड प्लेटपर्यंत पोचणार ते फक्त स्क्रूंच्या वाटेने. नुसत्या बारीक स्क्रूच्या आट्यांवर मला विसंबायचं नव्हतं. म्हणून प्रत्येक स्क्रूभोवती ॲल्युमिनियमची बुशिंग: बाहेरचा व्यास १२, लांबी नेमकी ठोकळ्याइतकी. एक तोंड बेसला घट्ट भिडतं, दुसरं प्लेटला. वीजही वाहते, आवळण्याचा भारही तीच घेते.

पालद्याला लेथवाल्याकडे गेलो. ड्रॉइंग बघून म्हणाला, “भिया, इतने से काम का ड्रॉइंग? बोल देते तो भी हो जाता।” मी म्हटलं, चारही एका लांबीच्या हव्यात, पाच शतांशाचाही फरक नको. मग मात्र गंभीर झाला. चारही एकाच सळईतून काढल्या आणि शेवटी मंड्रेलवर एकत्र धरून दोन्ही तोंडं घेतली. मायक्रोमीटरने मापल्या. फरक सापडला नाही. विमानाचं आहे कळल्यावर पैसे घेईना. बळजबरीने दिले.

कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं करणारे कॅप्टन अमोल यादव सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचंही विमान असंच कोण्या कोण्या लेथवाल्यांच्या हातून गेलं असणार, असं येताना वाटत होतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

काल-आज प्लेट आणि पट्ट्या.

ॲल्युमिनियम घासलं की चकचकीत दिसतं, पण हवेत त्यावर लगेच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, आणि तो वीज वाहू देत नाही. म्हणून जोडाच्या जागा एमरीने घासायच्या, सॉल्व्हंटने पुसायच्या आणि चहाला न जाता तिथेच रिव्हेट मारायच्या. प्रत्येक पट्टीला प्लेटवर ३ सेंटिमीटर ओव्हरलॅप आणि ओळीत तीन रिव्हेट. एक रिव्हेट पट्टीला धरून ठेवायला पुरतो, पण त्याभोवती पट्टी फिरू शकते आणि फिरली की जोड सैल पडतो. जोड झाल्यावर वरून सीलंट, म्हणजे ओलावा आत जाणार नाही.

भिंतीच्या कोपऱ्यात पट्टी काटकोनात मोडली नाही. २० मिलिमीटरच्या पाइपवर घालून गोल वळवली. काटकोनातली घडी कंपनाने तिथेच चिरते. पुढच्या दोन पट्ट्यांच्या वरून एलिव्हेटरचा पुशरॉड जातो, त्यांच्यात बोटभर जागा आहे. स्टिक पूर्ण मागेपुढे करून आरशातून पाहिलं, कुठेही लागत नाही. तरी तिथे पट्ट्यांवर ग्लासचा एक पातळ थर चढवला, म्हणजे त्या कधीच उचकटणार नाहीत.

संध्याकाळी बाँडिंगची, म्हणजे जोडांतून वीज किती सहज वाहते याची, मोजणी. विमानातल्या जोडांसाठी सर्वसाधारण मर्यादा ३ मिलिओहम. साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर हे दिसतच नाही, त्याच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. म्हणून बेंच सप्लायवरून जोडातून १ अँपियर सोडायचा आणि जोडाच्या दोन बाजूंना वेगळ्या टोचणीने मिलिव्होल्ट मोजायचे. जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिओहम.

सात पट्ट्या ०.६ ते १.१ च्या दरम्यान. मागची डावी ९. तिच्या रिव्हेटखालचा वॉशर ॲनोडाइज केलेला होता. ॲनोडाइझिंग म्हणजे मुद्दाम जाड केलेलं ऑक्साइडच. तो काढून साधा घातला, ०.८ आला. बेस ते प्लेट, चारही बुशिंगमधून मिळून: ०.३.

यानंतर दिवाळीपर्यंत शेड बंद. फराळाच्या डब्यांना फॉइल लागणार आहे म्हणे, आणि नवा रोल मला द्यायचा नाही असं ठरलं आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

केबल. आरजी-५८ घ्यावी की आरजी-४००, यावर बरीच चर्चा ऐकली. मला लागते जेमतेम अडीच मीटर. एवढ्या लांबीत दोघींतला क्षयाचा फरक नगण्य, दोन्हीकडे अर्ध्या डेसिबलच्या आत. मी आरजी-४०० घेतली ती दुसऱ्या कारणासाठी: तिला चांदीचा मुलामा दिलेल्या तारेची दुहेरी जाळी आहे आणि आतलं इन्सुलेशन पीटीएफईचं, जे उष्णतेने वितळत नाही. आरजी-५८ च्या पॉलिथिलीनला सोल्डरिंगची कड जरा जास्त वेळ लागली की मधली तार एका बाजूला सरकते.

टोकांचे बीएनसी कनेक्टर क्रिंपचे, म्हणजे दाबून बसवायचे. जाळी मागे सारताना एकही केस मधल्या पिनेकडे जाऊ द्यायचा नाही. भिंग लावून पाहिलं. क्रिंप झाल्यावर ओढून, मग वाकवून, मग मध्य ते जाळी कंटिन्युइटी. वळण कुठेही २५ मिलिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट नाही. माइकच्या आणि स्ट्रोबच्या वायरी उजव्या भिंतीने नेल्यात, अँटेनाची केबल डावीकडून. जाळीवरचा प्रवाह अडवायला बेसजवळ केबलवर तीन फेराइट कड्या, पट्टीने बांधून.

२ नोव्हेंबर, रविवार

पक्क्या ग्राउंड प्लेनवरची मोजणी, बेसपाशी, घोड्यांवर: ११८ ला १.९, १२७ ला १.४, १३६.९ ला १.८.

पॅनेलच्या टोकाकडून पाहिलं तर तिन्ही आकडे थोडे बरे दिसतात. त्याने हुरळून जायचं नाही. केबलच्या क्षयामुळे परतणारी लहर वाटेतच झिजते आणि आकडा सुंदर दिसतो. म्हणून खरी नोंद बेसची.

मूठ-चाचणी: केबल बेसपासून पॅनेलपर्यंत वेगवेगळ्या ठिकाणी धरली. रेषा हलत नाही. पॅनेल उघडून हात आत घालून धरली तरी नाही. आकड्यांपेक्षा मला याचा जास्त आनंद झाला.

९ नोव्हेंबर, रविवार

काकांनी परीक्षेचा नवा पेपर काढला. हॅमचा २ मीटर पट्टा भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, आपल्या पट्ट्याला अगदी शेजारी. तिथे त्यांना प्रसारण करता येतं. एसडब्ल्यूआर तिथे २.३ निघाला, पण त्यांच्या हँडसेटच्या १ वॉटला तेवढं सोसतं. दिशेनुसार ताकद कशी पसरते, याचा अंदाज मात्र घेता येतो.

विमान शेडबाहेर मोकळ्यात ढकललं. अँटेनापासून १५ मीटरची दोरी धरून चुन्याने वर्तुळ आखलं. काकांचं फील्ड-स्ट्रेंग्थ मीटर म्हणजे ओए७९ जर्मेनियम डायोड, छोटी काठी आणि जुना मायक्रोॲमीटर, सगळं खोबरेल तेलाच्या पत्र्याच्या डब्यात. त्यांनी कॉलसाइन सांगून प्रसारण चालू केलं, मी मीटर छातीजवळ धरून वर्तुळावर फिरलो. शेजारच्या शेडमधली माणसं बाहेर येऊन बघत होती. एकाने विचारलं, जमीन मोजताय का.

शेपटीकडे काटा ७० वर. दोन्ही बाजूंना ६२ ते ६५. नाकाकडे ४१. डायोडचा काटा सरळ प्रमाणात चालत नाही, तेव्हा याचे डेसिबल काढत बसण्यात अर्थ नाही. नाकाकडे कमी का, ते उघड आहे: इंजिन, फायरवॉलचा पत्रा, नाकाच्या चाकाचा पाय. मी पुढच्या दोन पट्ट्या लांबवू का विचारलं.

“लांबवून इंजिन नाहीसं होणार आहे का? खड्डा नाहीये, नुसता उतार आहे. सोडून दे.”

सोडून दिलं. उंचीवर गेल्यावर क्षितिजच मर्यादा घालतं. ३००० फुटांवर रेडिओचं क्षितिज सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असतं, आणि समोर मोकळं आकाश असताना त्यातल्या त्यात क्षीण दिशेलाही काही वॉट पुरून उरतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बेसच्या कडेला सीलंट. न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घेतलं. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते ॲसिटिक आम्ल सोडतं आणि ॲल्युमिनियम खातं. मागची कड मोकळी ठेवली, आत पाणी शिरलंच तर निघायला वाट हवी.

वजन केलं: अँटेना, प्लेट, पट्ट्या, बुशिंग, केबल, कड्या, स्क्रू, सगळं मिळून ७१० ग्रॅम. डेटमपासूनच्या, म्हणजे मोजणीच्या ठरलेल्या बिंदूपासूनच्या, अंतरासह वजन-संतुलनाच्या तक्त्यात चढवलं. केबलच्या दोन्ही टोकांना ‘कॉम १’ची चिठ्ठी, वर पारदर्शक हीट-श्रिंक.

प्लेटचे, बुशिंगचे आणि जोडांचे फोटो तारखेसह फाइलला लावले, कारण सामानाच्या कप्प्याचा तळ बसला की हे पुन्हा दिसणार नाही. तळाला हात जाईल एवढं एक झाकण मात्र ठेवलं आहे, वर्षातून एकदा बाँडिंग मोजायला.

पुढचं काम: ४०६ मेगाहर्ट्झच्या आपत्कालीन बीकनचा अँटेना. तो शेपटीत, यापासून लांब.